उत्तर बरोबर आलं, पण उतारा कळला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना वाचलेलं कळत नाही या विषयावर आपल्या पेपरात गेले काही दिवस वाचकांची पत्रं येतायत, ती मी सगळी वाचली आणि बहुतेकांचा राग मोबाइलवर आहे असं दिसलं. मोबाइलला शिव्या घालणं सोपं आहे, मीही घालते, पण आपल्या लहानपणी मोबाइल नव्हता तरी आपण उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं कशी लिहायचो ते जरा आठवून बघा. प्रश्नातला एखादा ठळक शब्द पकडायचा, तो उताऱ्यात शोधायचा, सापडला की त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलून वहीत उतरवायचं, झालं. पैकीच्या पैकी मार्क. उतारा कशाबद्दल होता असं कुणी विचारलं असतं तर एकमेकांची तोंडं बघत बसलो असतो.

आता हे वाक्य वाचा: "काल रात्री झुमट्याने तीन पिरगुळ्या लांदवल्या, त्यामुळे घोरपी फार ढिमसली." प्रश्न पहिला, झुमट्याने किती पिरगुळ्या लांदवल्या? तीन. प्रश्न दुसरा, पिरगुळ्या कधी लांदवल्या? काल रात्री. प्रश्न तिसरा, घोरपी का ढिमसली? कारण झुमट्याने पिरगुळ्या लांदवल्या. तीनही उत्तरं बरोबर, व्याकरण शुद्ध, आणि पिरगुळी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, मी ते आत्ताच बनवलंय. आपले आकलनाचे बरेचसे प्रश्न या झुमट्याच्या जातीचे असतात. कोणी, कधी, कुठे, किती. मूल उत्तर देतं आणि आपल्याला वाटतं कळलं.

मी शिक्षिका नाही. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, आणि बेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असं नसतं एवढं त्या कामातून डोक्यात पक्कं बसलंय. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी माझ्याकडे सहा-सात मुलं येतात, पाचवी ते आठवीतली, फी वगैरे काही नाही, आणि आम्ही रोज एक छोटा उतारा वाचतो, एक दिवस विज्ञानाचा, एक दिवस इतिहासाचा. साधारण शंभर ते दीडशे शब्द, त्याहून मोठा नाही. चारेक वर्षं हे चाललंय त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी छोटाच का ते सांगते, कारण यावर पालक हमखास भांडतात, म्हणतात एवढंसं वाचून काय होणार, चांगली दोनशे पानांची पुस्तकं द्या. पुस्तकं द्याच, कोण नको म्हणतंय. पण समजून घ्यायची सवय लावायची असेल तर सगळा मजकूर एका नजरेत दिसला पाहिजे. शेवटच्या वाक्यात अडलं तर डोळा पटकन दुसऱ्या वाक्यावर जाऊन परत येतो, पान उलटावं लागत नाही. तोच उतारा एका बैठकीत तीनदा वाचून होतो, आणि खरी गंमत तिसऱ्या वाचनात असते. दहा पानं तीनदा वाचायला सांगा, मूल परत येणार नाही.

आणि गोष्ट का नाही, विज्ञान-इतिहासच का? गोष्टींवर माझा राग नाही, पण गोष्टीचा सांगाडा मुलाला पाठ असतो, कुणीतरी संकटात सापडतं मग सुटतं, त्यामुळे मधले चार शब्द नाही कळले तरी मूल त्या घसरगुंडीवरून घसरत शेवटाला पोचतं. माहितीच्या मजकुराला असा एक ठरलेला रस्ता नसतो. कधी कारण आधी येतं आणि परिणाम नंतर, कधी उलटं, कधी दोन गोष्टींची तुलना असते आणि "याउलट" हा एक शब्द हुकला की सगळंच उलटं डोक्यात जातं. तिथे घसरता येत नाही, पायऱ्या चढाव्याच लागतात.

एक उतारा नमुन्याला देते, फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल आणि पाऱ्याची नळी (वरचं तोंड बंद, खालचं पाऱ्याच्या भांड्यात बुडवलेलं) यांच्याबद्दलचा, आमच्याकडे सगळ्यात जास्त गाजलेला. "पास्कलला वाटत होतं की नळीतला पारा बाहेरच्या हवेच्या दाबामुळे वर राहतो. तसं असेल तर उंचावर, जिथे डोक्यावरची हवा कमी, तिथे पारा खाली यायला हवा. १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या बहिणीचा नवरा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्युई द दोम या डोंगरावर चढला. माथ्यावर नळीतला पारा आठ सेंटिमीटरहून जास्त खाली आला. पायथ्याच्या गावात, एका मठाच्या बागेत, तशीच दुसरी नळी ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होता. त्या नळीतला पारा जागचा हलला नाही." बस, एवढंच.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम झुमटा छाप प्रश्न विचारले. डोंगर कुठे आहे, तारीख काय, पारा किती खाली आला. सगळ्यांचे हात वर. मग विचारलं, खाली दुसरी नळी कशाला ठेवली होती? शांतता. सगळे उताऱ्यात शोधायला लागले, बोटं ओळींवरून फिरतायत, आणि उत्तर काही सापडेना, कारण ते तिथे लिहिलेलंच नाही. एकजण म्हणाला, "काकू, वरची फुटली तर स्पेअर." सगळे हसले, पण मला तो उत्तर देणारा मुलगा आवडला, निदान त्याने उतारा सोडून विचार तरी केला. दुसरा म्हणाला, धर्मगुरूला काहीतरी काम हवं म्हणून. मग सहावीतली एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, हळूच म्हणाली, "नाहीतर कुणीपण म्हणेल ना, की त्या दिवशी हवाच तशी होती, पारा सगळीकडेच खाली आला असेल." मी त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही. काय शिकवणार? तुलनेसाठी एक गोष्ट न बदलता ठेवायची, ही प्रयोगाची सगळी मेख तिने एका वाक्यात सांगितली होती, "नियंत्रित प्रयोग" हा शब्द आयुष्यात न ऐकता.

तेव्हापासून माझा नियमच झालाय, उताऱ्यावर निदान एक प्रश्न असा हवाच ज्याचं उत्तर उताऱ्यात छापलेलं नाही पण उताऱ्याशिवाय देताही येत नाही. दुसरी अट महत्त्वाची आहे हं. नाहीतर "तुम्ही पास्कल असतात तर काय केलं असतं" असले प्रश्न येतात, त्यांची उत्तरं उतारा न वाचताही ठोकून देता येतात आणि गाइडवाले ती छापूनही टाकतात.

इतिहासाचं उदाहरण द्यायचं तर १८५४ सालच्या लंडनमधली कॉलऱ्याची साथ. जॉन स्नो नावाचा डॉक्टर, सोहो भागातली ब्रॉड स्ट्रीट, तिथला पाण्याचा पंप. त्या काळी बहुतेक डॉक्टर समजत होते की रोग घाणेरड्या हवेतून पसरतो, स्नोला संशय पाण्याचा. त्याने मेलेल्यांची घरं शोधली तर ती बहुतेक या पंपाच्या आसपासची निघाली. पण पंपाच्या अगदी जवळ बिअरचा एक कारखाना होता, सत्तरेक कामगार, त्यातला एकही दगावला नाही. का? उताऱ्यात फक्त एवढंच असतं की कामगारांना कारखान्यात बिअर मिळायची आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. मुलांनी ही दोन टोकं जोडायची. आणि मग त्याच्या पुढचा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, हा कारखाना "घाणेरडी हवा" म्हणणाऱ्यांना का अडचणीचा आहे? कारण हवा तर तिथेही तीच होती! हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

याच उताऱ्यात एक खड्डा आहे आणि त्यात मोठी माणसंही पडतात. उताऱ्याचा शेवट असा: "८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. त्यानंतर साथ ओसरली." मुलांना पुस्तक बंद करून सांगायला लावलं की दहापैकी आठ वेळा ऐकू येतं, "दांडा काढल्यामुळे साथ थांबली." उताऱ्यात "त्यामुळे" कुठे आहे? "त्यानंतर" आहे. आणि खरंच, स्नोने स्वतःच लिहून ठेवलंय की लोक तो भाग सोडून पळून गेल्यामुळे साथ आधीच बरीच उतरली होती, दांडा काढल्याचा नेमका किती उपयोग झाला ते सांगता येत नाही. "नंतर" आणि "मुळे" यांतला फरक ज्याला वाचताना दिसतो त्याला पुढे जाहिराती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे औषधांचे मेसेजही वेगळे दिसायला लागतात, पण तो विषय वेगळा.

मराठीत ही छोटी छोटी अव्ययंच मुलांना पाडतात असा माझा अनुभव आहे. अवघड शब्द अडला की मूल निदान विचारतं, "परंतु", "तथापि", "अन्यथा", "किंबहुना" हे अडलेत हे त्याला कळतही नाही, डोळा वरून निघून जातो. आम्ही एक खेळ करतो, उताऱ्यातली अशी अव्ययं खोडून टाकायची आणि मुलांनी परत भरायची. "हवा तीच होती ___ कामगार वाचले." तरीही? म्हणून? आणि? प्रत्येकाने वेगळं भरलं की भांडण सुरू होतं आणि त्या भांडणात उतारा असा काही घोळला जातो की विचारू नका. तसंच "त्याने", "ती", "ते" या सर्वनामांचं. वरच्या पास्कलच्या उताऱ्यात "त्याच्या बहिणीचा नवरा" म्हणजे कुणाच्या बहिणीचा, हे एकदा विचारून बघा.

शब्दांचंही सांगते. विज्ञानाची मराठी संस्कृतातून आलेली असल्यामुळे मुलं बिचकतात हे खरंय, पण मला वाटतं आपण ती उघडून दाखवत नाही म्हणून बिचकतात. एकदा बाष्पीभवन म्हणजे काय विचारलं तर एक चिरंजीव म्हणाले, वाफेची बिल्डिंग. हसू नका, भवन म्हणजे बिल्डिंग हे त्याला माहीत होतं, त्याने लॉजिक लावलं. मग सांगितलं की भवन म्हणजे होणं, बाष्पीभवन म्हणजे वाफ होणं, आणि करण म्हणजे करणं, विलगीकरण म्हणजे वेगळं करणं. दुसऱ्या दिवशी तो "औद्योगिकीकरण" स्वतः फोडून घेऊन आला. परावर्तन (प्रकाश आपटून परत फिरणं) आणि अपवर्तन (प्रकाशाची दिशा वाकणं) यांची गल्लत मात्र अजून होते, तिथे काठी पाण्यात बुडवून वाकडी झालेली दाखवल्याशिवाय इलाज नाही.

पण खरे फसवे शब्द सोपेच असतात. कार्य, बल, दाब. "कार्य" हा शब्द मुलाला माहीत असतो, म्हणून ते थांबत नाही, आणि मग "भिंत दिवसभर ढकलली तरी भिंतीवर झालेलं कार्य शून्य" हे वाक्य आलं की हबकतं, एवढा घाम गाळला आणि शून्य? विज्ञानात कार्य म्हणायला वस्तू हलावी लागते, भिंत हललीच नाही, म्हणून शून्य. हा अर्थ उताऱ्यातच धरावा लागतो, शब्दार्थांच्या यादीतून तो मिळत नाही. त्या यादीवरून आठवलं, "दाब = भार" असं मी एका गाइडमध्ये बघितलंय, आता काय बोलायचं.

आता जरा मी वाचलेल्या अभ्यासांबद्दल लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल काकूंच्या सहा मुलांवरून सगळ्या जगाला शिकवतायत. एलेन मार्कमन या बाईंनी १९७९ मध्ये तिसरी ते सहावीच्या मुलांना मुद्दाम चूक घातलेले छोटे उतारे दिले आणि त्यात काही गडबड वाटते का ते विचारलं. एका उताऱ्याचा मतलब असा होता की माशांना दिसायला उजेड लागतो, समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि तळाशी राहणारे काही मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात. उघड विसंगती. बहुतेक मुलांना काहीच खटकलं नाही. मी हाच मजकूर मराठीत करून आमच्या मुलांना दिला आणि मला वाटलं आपली मुलं पकडणार. कुठलं काय. एकाला मीच बोट ठेवून दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, "त्यांना सवय झाली असेल." म्हणजे उताऱ्यात लिहिलंय ना, मग ते खरंच असणार, आपणच काहीतरी जुळवून घ्यायचं! तेव्हापासून आठवड्यातून एक उतारा मी चुकीचा देते, आधी सांगत नाही कुठला ते. पहिले काही आठवडे कुणी पकडत नव्हतं, आता बरोबर उताऱ्यातही चुका काढतात, हा त्रास वेगळाच.

दुसरा अभ्यास बेसबॉलचा. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी अमेरिकेतली सातवी-आठवीची ६४ मुलं घेतली, काही वाचनात हुशार काही कच्ची, काहींना बेसबॉल चांगला माहीत काहींना नाही, आणि एका मॅचचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्च्या पण बेसबॉल माहीत असलेल्या मुलांना ते वर्णन वाचनात हुशार पण बेसबॉल माहीत नसलेल्या मुलांपेक्षा चांगलं कळलं होतं. आपल्याला यात नवल वाटायला नको, क्रिकेट न बघणाऱ्या माणसाला "शेवटच्या दोन षटकांसाठी नाइट वॉचमन पाठवला" हे वाक्य देऊन बघा, तो म्हणेल स्टेडियमची राखण करायला पाठवला असेल. म्हणजे आकलन हे काही सुटं कौशल्य नाही की एकदा कमावलं की कुठल्याही उताऱ्याला लावलं. ज्या विषयाची थोडी माहिती असते त्या विषयाचं पुढचं वाचन सोपं जातं.

यातून माझी पद्धत बदलली. आधी मी सोमवारी मधमाश्या, मंगळवारी रोमन साम्राज्य, बुधवारी चुंबक असं काहीही देत होते, वाटायचं विविधता हवी. आता एक विषय घेतला की आठ-दहा दिवस तोच. हवेचा दाब घेतला तर आधी तोरिचेल्लीची पाऱ्याची नळी, मग पास्कलचा डोंगर, मग ऑटो फॉन गेरिकेचे, माग्डेबुर्ग शहराच्या नावाने गाजलेले ते दोन अर्धगोल ज्यांच्यामधली हवा काढून घेतल्यावर घोड्यांनाही ते ओढून वेगळे करता आले नाहीत, मग उंच डोंगरावर पाणी १०० अंशांच्या आधीच का उकळतं. पहिल्या दिवशी तासभर लागतो. पाचव्या दिवशी तेच मूल, तेवढाच अवघड उतारा, वीस मिनिटांत संपवून माझ्याकडे बघत बसतं. मूल तेच राहिलं, फक्त शब्द ओळखीचे झाले आणि माणसं ओळखीची झाली. विज्ञान आणि इतिहास असे एकमेकांत मिसळतात ते वेगळंच, पास्कलचा तास नक्की कशाचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इतिहासाच्या वाचनाची एक खास गोष्ट आहे जी मलाही फार उशिरा कळली. सॅम वाइनबर्ग या अभ्यासकाने १९९१ मध्ये इतिहासकारांना आणि शाळेतल्या हुशार मुलांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या लेक्झिंग्टनच्या चकमकीबद्दलचे कागद वाचायला दिले आणि वाचताना मनात काय येतं ते मोठ्याने बोलायला सांगितलं. मुलं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ वाचत गेली. इतिहासकार आधी तळाशी गेले, कुणी लिहिलंय, कधी, कुणासाठी, आणि मग वर आले. १९ एप्रिल १७७५ ला पहिली गोळी कुणी झाडली याबद्दल ब्रिटिश अधिकारी एक लिहितो आणि समोरच्या बाजूचे शेतकरी-सैनिक शपथेवर दुसरंच सांगतात, मग कुणाचं खरं? मुलांना असे दोन छोटे उतारे शेजारी शेजारी दिले की ती आधी वैतागतात, "काकू, बरोबर कुठलं ते सांगा ना." मी सांगत नाही. मला माहीतच नाही.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी फुकट आहे आणि कुणीही करू शकतं. वाचून झालं की उतारा पालथा घाला आणि आठवेल ते सांगा किंवा लिहा. रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हे करून बघितलं, उतारेही असेच छोटे, एक सूर्याबद्दल, एक समुद्रातल्या पाणमांजरांबद्दल. एका गटाने चार वेळा बसून वाचनच केलं. दुसऱ्या गटाने एकदाच वाचलं आणि उरलेल्या तीन वेळा न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के, लिहिणारे ७१. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना आठवलं ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. म्हणजे वाचून पाचच मिनिटांत पेपर द्यायचा असेल तर घोकत बसा, माझं काही म्हणणं नाही.

घरी करताना एकच पथ्य, सांगताना मुलाला मधे दुरुस्त करायचं नाही. आईवडलांना हे जमत नाही, मूल "तो डोंगर" म्हणालं की हे पटकन "प्युई द दोम" म्हणतात, नाव आठवणं महत्त्वाचं नाही हो, पारा का उतरला ते सांगू द्या त्याला. संपल्यावर उतारा उघडायचा आणि काय राहिलं ते त्यानेच शोधायचं. सुरुवातीला मुलं दोन वाक्यांत संपवतात, "एक माणूस डोंगरावर गेला आणि पारा खाली आला." चालेल. दोन महिन्यांनी ऐका. रंगीत पेनाने ओळींवर रेघा मारण्याची सवय मात्र मी मोडून काढते, सगळा उतारा पिवळा करून ठेवतात आणि डोकं कोरं.

ज्या मुलाला अक्षरंच अडखळत वाचता येतात त्याला हे सगळं लागू नाही हेही लिहायला हवं. जोडाक्षराशी झटापट करताना अर्थाकडे बघायला डोकं शिल्लक राहत नाही. १९८६ मध्ये गफ आणि टनमर यांनी वाचन म्हणजे अक्षरओळख गुणिले भाषेची समज असं मांडलं होतं, गुणिले, अधिक नाही, एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. आयुष्य आकड्यांत गेलेल्या मला ही मांडणी फार पटली. अशा मुलाला मी उतारा वाचून दाखवते आणि प्रश्न तेच विचारते, आणि अनेकदा सगळ्यात भारी उत्तर त्याचंच असतं. त्याला वाचता येत नव्हतं, विचार करता येत होताच की.

आता माझी विनंती. आपल्या पेपरात मुलांचं पान येतं, त्यात कोडी असतात, रंगवायला चित्रं असतात, महिन्यातून कधीतरी "तुम्हाला माहीत आहे का?" अशी चौकट असते ज्यात जिराफाच्या जिभेची लांबी वगैरे सुटी माहिती असते. त्या चौकटीच्या जागी रोज एक शंभर शब्दांचा उतारा छापा, आठवडाभर एकाच विषयाचा, खाली तीनच प्रश्न, आणि त्यातल्या निदान एकाचं उत्तर उताऱ्यात शोधून सापडू नये. उत्तरं दुसऱ्या दिवशी उलट्या अक्षरांत वगैरे छापू नका, छापायचीच तर मुलांनी पाठवलेली दोन वेगवेगळी उत्तरं छापा. आणि कृपा करून भाषा जरा मोकळी ठेवा, "पर्वताच्या पायथ्याशी ठेवण्यात आलेल्या नळीतील पाऱ्याच्या पातळीतील बदलाचे" असं वाक्य आलं की मी सुद्धा चहा टाकायला उठते.

पत्र फार लांबलंय, कापायचं तर अभ्यासांचे परिच्छेद कापा, पण खालचा उतारा ठेवा. पहिल्या दिवसासाठी माझ्याकडून.

"२७ ऑगस्ट १८८३ रोजी सकाळी जावा आणि सुमात्रा या बेटांच्या मधल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. तिथून सुमारे ४,८०० किलोमीटर दूर, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्स या छोट्या बेटावर, तिथल्या पोलिसप्रमुखाला पूर्वेकडून लांबवर मोठ्या तोफा डागल्यासारखे आवाज ऐकू आले. त्याने तशी नोंद केली. हवेतून आवाज तासाला साधारण १,२०० किलोमीटर जातो."

प्रश्न १. पोलिसप्रमुखाने आवाज ऐकला तेव्हा क्राकाटोआला स्फोट होऊन किती तास झाले असतील?
प्रश्न २. त्याने ज्वालामुखीसारखा आवाज असं न लिहिता तोफांसारखा असं का लिहिलं असेल?
प्रश्न ३. नकाशा न बघता, क्राकाटोआच्या कुठल्या दिशेला रॉड्रिग्स आहे ते सांगा, आणि उताऱ्यातल्या कुठल्या शब्दावरून कळलं तेही.

आपली,
एक जुनी वाचक